नदीच्या अलीकडचा बारसू

बारसू मडावी कचेरीत कधी बसला नाही. बाक रिकामा असो, खुर्ची समोर असो, शिपाई दहा वेळा "बस ना बाबा" म्हणो, हा आपला बाबूच्या टेबलासमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. मी बरोबर असायचो आणि मला बसायची भारी हौस. मी बाकावर बसून घाम पुसायचो, पाणी मागायचो, भिंतीवरच्या पाली मोजायचो. आणि बारसू तास तास बाबूच्या टाकाकडे बघत राहायचा. शेवटी बाबूच कंटाळून विचारायचा, काय काम आहे रे तुझं? एकदा मी त्याला म्हटलं, पाय दुखत नाहीत का तुझे? तर म्हणाला, "बसलेल्या माणसाले साहेब इसरते, पुंडलिक. उभा माणूस त्यायच्या डोयात खुपते. खुपू दे."

बारसूला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी वकिली सोडून घरी बसलो आहे आणि मला बसायला आता कोणी ना म्हणत नाही. पण त्याच्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं, आणि नातवंडं विचारतात की आजोबा, तुम्ही ज्याचं नाव काढता तो गोंड मास्तर होता तरी कोण. म्हणून हे लिहितो आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्याचा. घरी शेती, विहीर, चार बैल. खाऊन-पिऊन सुखी म्हणतात तसे. रोहण्याहून कोसभर आत, जंगलाच्या कडेला, गोंडांची दहा-बारा घरं होती. त्यातलं एक देवाजी मडावीचं, बारसूच्या बापाचं. देवाजी जंगलाच्या ठेकेदाराकडे लाकूडतोडीला जायचा, आई मोहाची फुलं आणि तेंदूची पानं गोळा करायची. घरात गोंडी बोलत, गावात आले की आमची वऱ्हाडी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एकाच पाटावर बसलो, आणि पुढे आर्वीला हायस्कुलात गेलो तेव्हा माझ्या बापानं एक खोली घेतली आणि म्हणाला, बारसूलेही ठेव, तुले गणित कोण शिकवन? बापाचा हिशेब बरोबर होता. माझं गणित म्हणजे बारसूचं गणित, माझ्या अक्षरात. अक्षर मात्र माझं सुरेख होतं, त्याचं म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. म्हणून त्याचे सगळे अर्ज मी लिहायचो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा घोळ माझ्याच अक्षरात झाला.

त्याला पूल बांधायचे होते. आर्वी ते पुलगाव छोटी गाडी धावते, ती आमच्या रोहण्यावरून जाते. पहिल्यांदा पुलगावला गेलो तेव्हा मी बाजारात जिलबी खाल्ली आणि हा दिवसभर वर्धा नदीवरच्या रेल्वेच्या पुलाखाली बसून राहिला. संध्याकाळी मला म्हणाला, "हे खांब पाण्यात उभे कसे केले असतीन बे? पाणी तं थांबत नाई." मास्तरांना विचारलं, त्यांनाही नीट सांगता येईना. तेव्हा हेडमास्तर म्हणाले, हे इंजिनेरीत शिकवतात, त्यासाठी आधी सायन्स कॉलेजात जावं लागतं. त्या दिवसापासून बारसूला सायन्स कॉलेज हवं होतं. दुसरं काही नाही. कॉलेज नागपूरला, आणि नागपूरला राहायचं तर स्कॉलरशिप पाहिजे. स्कॉलरशिप नाही तर देवाजीच्या हातातली कुऱ्हाड आहेच.

आमचं ते मॅट्रिकचं वर्ष आणि राज्य बदलण्याचं वर्ष एकच. आमचा भाग मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. आम्ही जागचे हललो नाही, पण आमचे कागद हलले. मागास मुलांना सरकार कॉलेजसाठी पैसे देतं असं हेडमास्तरांनी ऐकलं होतं. हिवाळ्यात मी नागपूरला अर्ज लिहिला. नागपूरहून उत्तर आलं, सदर विषयाच्या फायली भोपाळला गेल्या आहेत. भोपाळला लिहिलं. भोपाळहून हिंदीत उत्तर आलं की तुम्ही आता आमच्या राज्यात नाही. मुंबईला लिहिलं. मुंबईहून उत्तरच आलं नाही. मी वैतागून टाक फेकला. बारसूनं तो उचलून पुसला आणि म्हणाला, "तिघायनं बी नाई म्हटलं नाई अजून. फकस्त दुसऱ्याकडं बोट दाखवलं. नाई म्हणाचं तं त्यायले हिंमत पाह्यजे."

परीक्षा झाली तशी आम्ही बाहेर पडलो. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शेटजींच्या ट्रस्टची पाटी हेडमास्तरांनी पाहिली होती: गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस साहाय्य. आम्ही गेलो. मुनीम मोठा गोड माणूस, ताक पाजलं, मार्कलिस्ट अजून नव्हती म्हणून हेडमास्तरांचं पत्र वाचलं, मान डोलावली. मग विचारलं, कोणाचे तुम्ही? बारसूनं सांगितलं. मुनीम हळहळले. म्हणाले, बेटा, ये तो हमारे समाज के बच्चों के लिए है, शेटजींच्या आईसाहेबांची तशी इच्छा होती. मी उठलो. बारसू उभाच होता. तो म्हणाला, "मुनीमजी, तेवढं पाटीवर लिहून टाका. लोक पायी येते." मुनिमांचा चेहरा उतरला. ताक चांगलं होतं, हे मात्र बारसू परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाला.

मग वर्ध्याची एक संस्था. नाव सांगत नाही. वर्ध्याच्या आसपास तशा बऱ्याच होत्या, खादी घालणाऱ्या, पहाटे प्रार्थना करणाऱ्या. तिथल्या भाईजींनी आम्हाला आठ दिवस ठेवून घेतलं. आम्ही सूत कातलं. माझा धागा दर हाताला तुटायचा आणि बारसूचा असा निघायचा की भाईजी कौतुकानं बघत बसायचे. आठव्या दिवशी ते म्हणाले, तुझी राहण्या-जेवणाची आणि शिक्षणाची सगळी सोय आम्ही करतो. माझं काळीज नाचलं. पण शिक्षण कोणतं, तर त्यांच्याकडचंच, ग्रामसेवेचं. कॉलेज नको. कॉलेजात गेलास तर गावाला पारखा होशील, तुझ्या लोकांना कोण बघणार?

बारसूनं हातातला धागा खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "आपली पोरं कुठी शिकते, जी?"

भाईजी चरखा फिरवता फिरवता थांबले. एक मुंबईला, म्हणाले, डॉक्टरी शिकतो. दुसरा नागपूरला, कायदा. आणि त्यांनी सूत गुंडाळायला घेतलं. मी बाहेर आल्यावर त्यांना शिव्या घातल्या, म्हणजे माझ्या वयाला येत होत्या तेवढ्या. बारसूनं मला गप्प केलं. "शिव्या नको देऊ बे. त्यानं पोरायचं लपवलं नाई. दुसरा असता तं म्हणला असता, माह्याले पोरंच नाई." बारसू असा होता. ज्याच्याशी भांडायचा त्याच्यातलंही खरं तेवढं वेगळं काढून ठेवायचा. मला ते जमलं नाही, आणि पुढे कोर्टात तर ते जमून चालतही नाही.

निकाल लागला. बारसू शाळेत पहिला. मी पास झालो; एवढंच पुरे. हेडमास्तरांनी बारसूला घरी बोलावून जेवू घातलं आणि म्हणाले, आता जिल्ह्याच्या कचेरीत जा. नवीन राज्याची यादी आली आहे असं कळतं. गोंडांना सरकार स्कॉलरशिप देतं, तुझा तर हक्कच आहे. आम्ही पुन्हा वर्ध्याला. मला आठवतं, गाडीत बारसू पहिल्यांदाच खिडकीत बसून गाणं म्हणत होता, गोंडीतलं काहीतरी. मी अर्थ विचारला तर लाजला.

कचेरीतले बडेबाबू जाड भिंगांचे, म्हातारे, स्वभावानं चांगले. बारसू उभा, म्हणून त्यांनीही लगेच यादी काढली. बोट फिरवत गेले. मेळघाट आहे. गडचिरोली आहे. यवतमाळकडचे तालुके आहेत. बोट खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग चष्मा काढून म्हणाले, "वर्धा जिल्हा नाही रे बाळा."

"नाई म्हंजे?" बारसू म्हणाला.

म्हणजे असं, की सरकारनं गोंडांची यादी तालुकेवार बांधली होती. जंगलाच्या, डोंगराच्या तालुक्यांतले गोंड ते गोंड. वर्धा जिल्ह्यातले गोंड, सरकारच्या लेखी, गोंड नव्हेत. आता आमचा जिल्हा आणि यवतमाळ तालुका यांच्यामध्ये आहे काय, तर वर्धा नदी. उन्हाळ्यात पोरंसोरं धोतर वर करून उतरून जातात ती. त्या काठाला माणूस गोंड, या काठाला नाही. मी आजवर पुष्कळ कायदे वाचले, त्यावर पोट भरलं, पण त्या यादीइतका मला कोणत्याच कायद्याचा राग आला नाही.

बारसू म्हणाला, "मंग मी कोण आहो, साहेब? यादीत पाहून सांगा."

बडेबाबूंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मला जवळ बोलावलं, कारण बसणारा मी होतो. हळूच विचारलं, याचं त्या काठाला कोणी आहे का? मी म्हटलं, मामा आहे, यवतमाळ तालुक्यात. बाबूंचे डोळे चमकले. म्हणाले, नुसतं तिथे राहतो म्हणून भागणार नाही, बाप इकडे आहे. पण मामानं दत्तक घेतलं असं स्टॅम्पावर लिहून आणा, मामाचा अंगठा, दोन साक्षीदार. मग तो तिकडचा. मी स्वतः कागद तिकडच्या कचेरीत पाठवतो. यात कोणाचं काय जातं?

कोणाचं काही जात नाही, असंच मलाही वाटलं. हेडमास्तरांनाही वाटलं, ते सरळमार्गी माणूस, तरी म्हणाले, पोराचं आयुष्य आहे, एक कागद आहे. बारसू दोन दिवस हो म्हणेना. मी त्याच्या मागे लागलो, हातापाया पडलो, रागावलो. म्हटलं, तुला पूल बांधायचे का नाही? शेवटी तो म्हणाला, "चाल. मामाले इचारू." मी त्याच बैठकीला स्टॅम्पपेपरवर दत्तकपत्र लिहून काढलं. काय अक्षर लागलं होतं त्या दिवशी, छापल्यासारखं.

पुलगावला उतरून आम्ही नदीच्या काठाकाठानं खाली दुपारपर्यंत चाललो. पाऊस लांबला होता, पात्रात गुडघाभरच पाणी. मधोमध आल्यावर बारसू थांबला. म्हणाला, "पुंडलिक, पाह्य बरं, आता मी झालो का गोंड? का अजून दोन पावलं राह्यले?" मला हसू आलं, त्याला आलं नाही.

मामा, सखाराम आत्राम, अंगणातच भेटला. भाच्याला बघून त्याला काय करू न काय नको असं झालं. बाज टाकली, पाणी दिलं, कोंबडी पकडायला एक माणूस पिटाळला. मी कामाचं सांगितलं तर म्हणाला, "भाच्यासाठी आंगठा मांगता? हात मांगा." ओट्यावर त्याची मुलगी पारबता सुपानं जोंधळे पाखडत होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. आम्ही आलो तेव्हापासून तिनं बारसूकडे एकदाही बघितलं नव्हतं, आणि तेवढ्यावरूनच कोणालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी आपला खाकरून, वकिली सूर लावून दत्तकपत्र वाचायला लागलो: बारसू यास मी राजीखुशीने दत्तक घेतले असून, आजपासून तो माझा पुत्र, बारसू सखाराम आत्राम या नावाने...

सुपाचा आवाज थांबला.

"दादा," पारबता मला म्हणाली, "मंग मी याची कोण झाली?"

मामानं अंगठ्याला लावलेली शाई धोतराला पुसली. "अरे बाप्पा. हे तं माह्या ध्यानातच नाई आलं," म्हणाला. मग त्यानं मला समजावून सांगितलं. गोंडांत आडनावं देवांच्या संख्येनं वाटलेली असतात. मडावी सात देवांचे, आत्राम सहा देवांचे. सातदेवे सगळे एकमेकांचे भाऊ, सहादेवे सगळे एकमेकांचे भाऊ. लग्न करायचं ते दुसऱ्या देवांच्या घरात. मामाची मुलगी भाच्याला, ही तर पारबता रांगत होती तेव्हापासून ठरलेली गोष्ट. आता बारसू आत्राम झाला म्हणजे सहादेव्या झाला. म्हणजे पारबता त्याची बहीण. आमच्या कुणब्यांतही मामाची मुलगी करतात, तेव्हा मला तरी सुचायला पाहिजे होतं. पण मी अक्षर सुरेख काढण्यात गुंतलो होतो.

मी म्हटलं, अहो, कागदापुरतं आहे. घरात तुम्ही जे आहात तेच राहा. सरकारला काय कळतंय?

पारबता उठून उभी राहिली. "सरकारले एक सांगाचं अन्‌ देवाले एक?" म्हणाली. "उद्या हा साहेब झाला का कोणी बी तो कागद काढन अन्‌ म्हणन, यानं बहिणीसंग लगन केलं. मंग कोणता कागद खोटा म्हणाचं? मले नाई पाह्यजे असं." एवढं बोलून ती सूप घेऊन आत गेली.

आणि बारसू हसायला लागला. तो हसायचा तेव्हा आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. म्हणाला, "इतके दिवस झाले, मले सगळे इचारते, पैसे पाह्यजे का नाई, कॉलेज पाह्यजे का नाई. हे खोटं हाये का खरं, एकीनंच इचारलं." त्यानं माझ्या हातातून स्टॅम्पपेपर घेतला. मला वाटलं फाडतो. फाडला नाही. उलटा केला, बाजेवर ठेवला, आणि मला म्हणाला, लिही. मग म्हणाला, नको, मीच लिहितो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या त्या भयंकर अक्षरात अर्ज लिहिला. मला तो अजून पाठ आहे:

"मी बारसू देवाजी मडावी, जात गोंड, सातदेवे, राहणार वर्धा जिल्हा. माझा मामा नदीपलीकडे राहतो, तो आपल्या यादीप्रमाणे गोंड आहे. माझी आई त्याची सख्खी बहीण. ती लग्न होऊन नदी उतरून अलीकडे आली, तेव्हा तिची जात पाण्यात वाहून गेली काय, याचा खुलासा व्हावा. मी गोंड आहे किंवा नाही, हे आधी लिहावे. स्कॉलरशिप मिळेल किंवा नाही, हे नंतर लिहावे."

मी रडकुंडीला आलो. म्हटलं, बारसू, हा अर्ज नाही, ही भांडणाची चिठ्ठी आहे. तो म्हणाला, "भांडणाचीच हाये. पण खरी हाये." रात्री कोंबडी खाल्ली, मामानं थोडी मोहाची पाजली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत नदी उतरलो.

बडेबाबूंनी कागद हातात घेतला, एकदा या बाजूनं बघितला, एकदा त्या बाजूनं. "हे काय आणलंस?" म्हणाले. बारसू म्हणाला, "तिकडून नका वाचू साहेब, तिकडून खोटं हाये." बाबूंनी कपाळाला हात लावला. पण कागद ठेवून घेतला, हे त्यांचं मोठेपण.

उत्तर यायला महिना गेला. तोवर नागपूरच्या कॉलेजात प्रवेश संपले. माझा झाला होता. माझ्या बापाकडे चार बैल होते ना. उत्तर दोन वाक्यांचं होतं, खाली सही, गोल शिक्का. "अर्जदार हा जातीने गोंड असल्याचे दिसून येते. तथापि तो वर्धा जिल्ह्याचा रहिवासी असल्याने यादीत मोडत नाही, सबब शिष्यवृत्तीचा विचार करता येत नाही."

मी भडकलो, सरकारवर नाही, बारसूवर. तोंडाला येईल ते बोललो. एक अंगठा, बारसू, एका अंगठ्यात चार वर्षांचं कॉलेज होतं. मोठा हरिश्चंद्र लागून गेलास. आता तोड लाकडं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "पहिली ओळ वाच."

"काय चाटायची आहे पहिली ओळ?"

"तू वाच तं."

मी वाचली नाही. कागद त्याच्या अंगावर टाकून निघून गेलो. माझ्या आयुष्यात मला लाज वाटावी असे प्रसंग बरेच आहेत, पण त्यातला हा वरचा. चार दिवसांनी मी ट्रंक घेऊन रोहण्याच्या स्टेशनावर उभा होतो तर हा आला, हातात घरच्या मोहाचे लाडू. मी ते घेऊन ट्रंकेत ठेवले. गाडी हलली तेव्हा तोच म्हणाला, "जाय. शिकून येजो. तिकडंच नको राहून जाजो." आणि गाडीबरोबर थोडा चालला, मग थांबला.

बारसूनं लाकडं तोडली नाहीत. मॅट्रिक पास होता, तालुक्यातल्या एका आडगावच्या शाळेत मास्तर झाला. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं, पारबताशीच. मी शिकून परत आलो, वर्ध्याला वकिली थाटली. पूल त्यानं एकही बांधला नाही. ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी काढलं नाही. एकदाच, पुलगावच्या पुलावरून गाडी जात असताना, तो खिडकीपासून उठून दाराशी जाऊन उभा राहिला आणि पूल संपल्यावर परत आला. मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं.

पण अर्ज थांबले नाहीत. आसपासच्या गावांतलं कोणतंही गोंडाचं पोर मॅट्रिक झालं की बारसू त्याला बसवून अर्ज लिहायला लावायचा, आणि दर अर्जात तेच दोन प्रश्न, त्याच क्रमानं. मी गोंड आहे किंवा नाही. स्कॉलरशिप मिळेल किंवा नाही. दरवर्षी उत्तर तेच. एका वर्षी कचेरीतल्या कोणा नव्या बाबूनं नुसतं 'नामंजूर' लिहून पाठवलं, तर बारसू तो कागद घेऊन तीस मैल आला आणि टेबलासमोर उभा राहिला: "पहिल्या प्रश्नाचं उत्तर राह्यलं, साहेब." उत्तर घेऊनच गेला. मी त्याची थट्टा करायचो. यंदा किती? "तीन." मिळणार नाही हे ठाऊक आहे ना? "हो." मग कशाला पोस्टाच्या तिकिटांचा नाश? तर म्हणायचा, "फुकटात काऊन नाई म्हणू द्याचं त्यायले? लिहून म्हणू दे. सही करून म्हणू दे." मी वकील, मी हसायचो. गोंड मास्तरचं खूळ म्हणून ते कचेरीतही सगळ्यांना माहीत झालं होतं.

अशी वीसेक वर्षं गेली आणि कायदा बदलला. तालुक्यांची अट उठली. आता वर्धा जिल्ह्यातला गोंडही सरकारच्या लेखी गोंड झाला. माझ्या दारात माणसांची रीघ लागली, कारण आता कचेरी नवीन म्हणायला लागली: तुम्ही गोंड कशावरून? जुना पुरावा आणा. आणि जुना पुरावा कोणाकडे होता? शाळांचे दाखले काढले, तर जातीच्या रकान्यात कुठे 'हिंदू', कुठे 'मजूर', कुठे रकाना कोराच. ज्या जातीला काही मिळत नाही ती लिहायचे कष्ट कोण घेणार? मी कायद्याची पुस्तकं उलटीपालटी केली आणि लोकांना हात हलवत परत पाठवलं.

त्याच जूनमध्ये बारसूची थोरली, कमल, मॅट्रिक झाली होती. तिला सायन्स कॉलेज हवं होतं. बारसू तिला घेऊन माझ्याकडे आला, काखेत धोतरात बांधलेलं गाठोडं. सोडलं तर आत नकार. वीस वर्षांचे, पोरागणिक, गावागणिक लावून ठेवलेले. मी वरचा उचलला, वाचला, आणि मग खाली बसलो, म्हणजे बसलेला होतो तो आणखी खाली बसलो. प्रत्येक कागदावर सरकारनं सहीशिक्क्यानिशी, पहिल्याच वाक्यात, लिहून दिलं होतं की हा गोंड आहे. इतका पक्का पुरावा मला अख्ख्या जिल्ह्यात मिळाला नव्हता, आणि तो गोळा करताना मी थट्टा करत होतो. मी म्हटलं, बारसू, तुला हे तेव्हाच कळलं होतं? तो म्हणाला, "कळलं कुठी? मले फकस्त एवढं वाटे, का जे खरं हाये ते त्यायच्याच हातानं लिहून घ्यावं."

आम्ही तिघं कचेरीत गेलो. नवे साहेब तरुण होते, नीट ऐकून घेणारे. कमलच्या अर्जाला आम्ही सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना कागद जोडला होता, बारसूचा स्वतःचा. साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, "हे तर झालंच. पण गुरुजी, एवढे जुने पुरावे तुमच्याकडे आले कुठून? आमच्या दप्तरातसुद्धा नाहीत."

"तुमच्याच हापिसानं देल्ले, साहेब," बारसू म्हणाला. "एकेक करून."

साहेबांना उमजलं नाही. त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि या खेपेला दुसरं वाक्यही वाचलं. बराच वेळ वाचलं. मग त्यांनी पेन उघडलं आणि कमल बारसू मडावी या नावासमोर सही केली.